अब्रूचा धूर

आधी पाणी प्या, मग ऐका. ऊन डोक्यावर आलंय आणि मलाही दम लागलाय. ही गोष्ट दरवर्षी कुणीतरी सांगायलाच लागते. सांगणारे एकेक करून गेले आणि आता मी उरलोय, म्हणून माझ्याच तोंडून ऐकायची. काही ठिकाणी मी म्हणेन, असं म्हणतात. तिथं तुम्ही मान हलवा. काही ठिकाणी मी म्हणेन, मला नाही वाटत. तिथं तुमचं तुम्ही ठरवा.

फार वर्षांपूर्वी, आमच्या पणज्यांच्या आज्या परकर नेसून खेळत होत्या तेव्हा, ह्या खडकळे गावात अनसा नावाची परटीण राहत होती. नवरा पटकीच्या साथीत गेला, मूलबाळ झालं नाही. मागं राहिलं एक गाढव, ओढ्यावरचा धुण्याचा दगड आणि कपडे उकळायची भट्टी. गावाचे कपडे धुवायचे आणि संध्याकाळी टोपली घेऊन दारोदार फिरायचं. प्रत्येक घरानं परटिणीच्या टोपलीत भाकरी टाकायची, हा तिचा हक्क होता. तिच्या आधी तिच्या सासूचा होता.

गाव तेव्हाही ओढ्याच्या दोन अंगांना होतं. अलीकडं गावठाण, पलीकडं वस्ती. वस्तीतल्या लोकांच्या हातचं पाणी गावठाणात कुणी पीत नसे. पण एक गोष्ट दोन्हीकडं अगदी सारखी होती, ती म्हणजे अब्रू. घरात दाणा नसला तरी तोंडातून ‘नाही’ निघायचं नाही. सकाळी छपरातून धूर दिसला नाही तर शेजारी ओळखणार, आज ह्यांची चूल थंड आहे. मग लोक काय करायचे? ओला पाचोळा घालून रिकामी चूल पेटवायचे. वर तवा नाही, परातीत पीठ नाही, पण छपरातून धूर कसा ढगासारखा. शेजारी बघायचा आणि निश्चिंत व्हायचा. कित्येकदा तो शेजारीही आपल्या घरात तोच उद्योग करत असायचा. आमच्या गावाचं शहाणपण हे असं.

मग तो दुष्काळ आला. पहिल्या वर्षी ओढा आटला, लोकांची मनं अजून आटली नव्हती. देवळाच्या बोळात म्हाळसा नावाची एक बाई होती. तिचा नवरा पोटामागं मुलूख सोडून गेला होता. ती आणि तिची पाच वर्षांची लेक, एवढंच घर. अनसा रोज त्या बोळातून जायची. दार ओढलेलं दिसायचं, पण छपरातून धूर दिसायचा. चला, खाऊनपिऊन आहेत, असं म्हणून ती पुढं जायची.

सातव्या दिवशी धूर निघाला नाही. अनसानं दार लोटलं तेव्हा म्हाळसा चुलीपाशीच पडलेली होती, लेक तिच्या कुशीत होती. दोघींचं अंग गार होतं. चुलीत ओल्या पाचोळ्याची राख होती आणि पिठाच्या मडक्यात कोळ्यानं जाळं विणलं होतं. अनसा उंबऱ्यावर बसली आणि कपाळ बडवून रडली. “धूर बघून फुडं ग्येले गं मी,” एवढंच ती म्हणत राहिली. “सा दिस धूर बघून फुडं ग्येले.”

त्या दिवसापासून अनसा धूर वाचायला शिकली, असं म्हणतात. मला ह्यात नवल वाटत नाही. जन्मभर भट्टी लावणाऱ्या बाईला धुराची जात कळायचीच. ओल्या पाचोळ्याचा धूर दाट, बसका, पोटातून आल्यासारखा. भाकरीचा धूर बारीक आणि सरळ. आणि भाकरी तव्यावरून काढून आरापाशी उभी करायला निखारे पुढं ओढले, की तो धूर क्षणभर मोडतो. एक मोड म्हणजे एक भाकरी. अनसा ओढ्यात उभी राहून कोणत्या घरी किती भाकऱ्या झाल्या ते मोजायची, असं म्हणतात. कुणी म्हणतात, तिला सात गावांचे धूर दिसत. सात नसतील. पण आमच्या गावचे दोन्ही तीरांचे नक्की दिसत.

खोटा धूर ओळखणं सोपं होतं. त्यापुढचं अवघड. पहिल्यांदा तिनं जाऊन सरळ विचारलं, “पीठ हाय का?” उत्तर आलं, “हाय की. का?” दुसऱ्या घरी पीठ घेऊन गेली, तर घरधनीण म्हणाली, “आमी काय भिकारी हाय व्हय?” आणि दार लावलं. आत मुलं रडत होती ते बाहेर ऐकू येत होतं.

इकडं गावचे पाटील, दौलतराव, मनानं वाईट नव्हते. त्यांनी देवळात घुगऱ्या शिजवायला सुरुवात केली. कोतवालानं एकेकाचं नाव पुकारायचं, त्यानं पुढं होऊन पदर किंवा फडकं पसरायचं. जे आधीच कोडगे झाले होते ते आले. जे मरायला टेकले होते ते घरात धूर करत बसले. अनसानं दोन दिवस हे पाहिलं आणि पाटलांपुढं जाऊन उभी राहिली.

“पाटील, घुगऱ्या ग्वाड हायती. पर तुमी माणसाला आदी ल्हान करता आन मग वाढता. मरायला टेकल्यालं ल्हान व्हायला तयार नसतंय.”

पाटील हसले. “मग काय करू? घरोघर पालखीतनं धाडू?”

“पालखी नगं. तुमी सोता जावा आन त्यांचं पाव्हणं व्हा. दारात आल्याल्या पाव्हण्याला उपाशी धाडायची कुनाची छाती न्हाय आपल्या गावात.”

पाटलांनी ते हसण्यावारी नेलं. परटिणीनं पाटलाला शिकवायचं म्हणजे काय! पण अनसानं तेच करायला घेतलं. तिनं दारोदार सांगितलं, मला भाकरी नको, माझ्या टोपलीत पीठच घाला. आणि सकाळी ज्या घरावर खोटा धूर दिसेल तिथं ते पीठ घेऊन जायची. उंबऱ्यावर बसकण मारायची आणि म्हणायची, “बाई, माजा तवा फुटलाय बघ. एवढ्या पिठाच्या भाकरी थापून दे. तुजी चूल पेटल्यालीच हाय.” आता पेटलेली चूल नाकारणार कशी? घरधनीण भाकरी करायची. पीठ चांगलं दहाबारा भाकऱ्यांचं. अनसा अर्धी खायची आणि कुरकुरायची, “एकटीला जात न्हाय. पोरास्नी बसव की. वाया घालवतीस का?” मुलं जेवायची, बाई जेवायची, आणि अब्रू जिथल्या तिथं. उलट परटिणीला जेवू घातल्याचं पुण्य पदरात.

हे ती अलीकडं करायची तसंच पलीकडं. वस्तीत बसून तिथल्या हातची भाकरी खाल्ली म्हणून तिच्या जातवाल्यांनी तिला वाळीत टाकलं. तिचा चुलत दीर म्हणाला, “आता तुझ्या मयताला कोण येतंय ते बघतो.” ती म्हणाली, “मेल्यावर मी बी बघंन.” काही बायकांनी तिच्या टोपलीत पीठ घालणं बंद केलं, आणि महिनाभरात घाणेरडे कपडे नेसून कंटाळल्यावर पुन्हा सुरू केलं.

अनसाचा तवा तीन वर्षं फुटलेलाच राहिला. सगळ्या गावाला ठाऊक होतं, की तिचा तवा धडधाकट आहे. पण कुणी काही बोलायचं नाही. पाटलांची आई बिचारी भोळी होती, तिनं एक लोखंडी तवा पाठवून दिला. तो अनसानं दुसऱ्या दिवशी वस्तीत कुणाला तरी देऊन टाकला.

आता नवलाच्या गोष्टी. असं म्हणतात, की अनसाची पिठाची पिशवी कधी संपत नसे. शंभर घरं केली तरी तळाशी मूठभर राहायचंच. मला नाही वाटत. पिशवी संपायची आणि ती पुन्हा हिंडून भरून आणायची. संपली नाही ती तिची फेरी. असं म्हणतात, की तिच्या चालण्यानं ओढ्याकाठचा काळा खडक झिजला. तो खडक तुम्ही पाहिलाय, मधोमध खोलगट आहे. पाण्यानं झाला म्हणा की पायानं, दोन्ही खरं धरायला माझी हरकत नाही. असंही म्हणतात, की त्या तीन वर्षांत ती एकदाही आडवी झाली नाही, भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायची. हे मात्र मला खरं वाटतं. एवढी दमलेली बाई आडवी झाली, तर पुन्हा उठायची नाही हे तिला कळत असणार.

आणि गाव काय करत होतं? गाव सुखात होतं. कुणाचा धूर संशयाचा दिसला की लोक म्हणायचे, “अनसा बघंल.” शेजारच्या घरात मूल दोन दिवस रडतंय, अनसा बघंल. पलीकडं म्हातारा उठलेला दिसला नाही, अनसा बघंल. पूर्वी निदान शेजारी खिडकीतून डोकावायचा, तेवढंही बंद झालं.

तिसऱ्या वर्षी चैत्रात ती पारावर आली. केस पांढरे झाले होते, पायांना भेगा. पन्नाशीही गाठली नव्हती तिनं. ती म्हणाली, “मला आता हुईना. दर घरानं आजूबाजूच्या तीन घरांचा धूर बघावा. खोटा दिसला की पीठ घिऊन जावं. मी दावते कसं वळखायचं त्ये.”

 मग एकानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. “अनसाई, आमी साधी मानसं. आमास्नी कुटं तुज्यावानी दिसतंय? तू देवीचा अवतार हायेस.” दुसऱ्यानं फुलं आणली. तिसरा म्हणाला, पाऊस पडू दे, पाराजवळ तुझं देऊळच बांधू. बघता बघता अख्खं गाव पाया पडायला रांगेत उभं राहिलं. अनसाला भयंकर राग आला. ती म्हणाली, “पाया पडता आन मोकळं व्हता व्हय रं?” आणि फुलं तिथंच टाकून निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरीला हजर. करणार काय? धूर तर दिसतच होते.

मग वैशाखातली अवस आली.

त्या दिवशी सकाळी अनसा ओढ्यात उरलेल्या एवढ्याशा डोहातून धुण्याचं ओलं गाठोडं डोक्यावर घेऊन वर आली. पारापाशी पोचली, गाठोडं खाली सोडलं आणि बसली. पाणी गळून पारावर थारोळं झालं तरी ती उठेना. तिचे डोळे ओढ्यापलीकडं लागले होते. वस्तीच्या शेवटच्या घरावर दाट, बसका धूर होता. ते सुंदराचं घर. तिचा नवरा सरकारी कामावर खडी फोडायला लांब गेला होता, आणि ती वीस दिवसांची बाळंतीण होती.

“त्यो धूर खोटा हाय,” अनसा म्हणाली. “कालचा बी खोटा हुता. काल माजं पाय तितवर पोचलं न्हाईत. लेकराला दूध न्हाय ऱ्हायलं. आज कुनी ग्येलं न्हाय तर उद्या दोगं बी ऱ्हायची न्हाईत.”

लोक जमले. “उठ की मग अनसाई,” कुणीतरी म्हणालं. “आमी धरतो.”

“मी उठायची न्हाय.”

ती रुसून बसली होती की खरंच उठता येत नव्हतं, ह्यावर आमच्या गावात अजून वाद आहे. मला वाटतं, तिचं तिलाही ठाऊक नसावं. तिच्या डोळ्यांना मात्र धार लागली होती. म्हाळसाच्या वेळी तिला माहीत नव्हतं. ह्या वेळी माहीत होतं आणि पाय हलत नव्हते.

 सगळ्यांच्या घरी ओंजळभर तरी पीठ होतं. पण पलीकडं जायचं, त्यातून शेवटच्या घरी, बाळंतिणीचा विटाळ, आणि तिथं बसून खायचं! ऊन चढत चाललं. तेवढ्यात गर्दीतून पाटलांची बायको पुढं झाली. आवडाबाई तिचं नाव. लग्न होऊन आल्यापासून तिनं ओढा ओलांडला नव्हता. डोहात अनसानं धुतलेली लुगडी नेसायची, एवढाच तिचा ओढ्याशी संबंध. ती घरात गेली, टोपली भरून पीठ घेतलं, वर गूळ ठेवला आणि निघाली. पाटील म्हणाले, “कुठं निघालात?” ती तोवर ओढ्यात उतरली होती.

ओढ्यातले दगड तापलेले होते. पायात वहाण नाही. आवडाबाई भाजत, ठेचकाळत सुंदराच्या दाराशी गेली, टोपली पुढं केली आणि म्हणाली, “घे गं. तुला आणलंय.”

सुंदरा दाराला धरून उभी होती. तिनं टोपलीकडं बघितलं, पाटलीणबाईंच्या चांगल्या लुगड्याकडं बघितलं आणि मान ताठ केली. “आमच्यात हाय की. ह्यो काय धूर निगतोय. आदीच खाऊन बसलोय आमी.” आणि दार लावून घेतलं.

आवडाबाई तशीच परत आली. तोंड लाल, टोपली तशीच भरलेली. पारावर येऊन म्हणाली, “नाही म्हणाली. मी काय करू?”

“काय बोललात?” अनसानं विचारलं.

“घे म्हटलं.”

“मग कशी घेईल? तुमी जाऊन तिच्याकडनं घ्या. तवा फुटलाय म्हना.”

“आमचा तवा लोखंडाचा आहे. तिला काय खरं वाटणार? मला नाही असं खोटं बोलता येत.”

तेव्हा अनसानं जन्मात पहिल्यांदा पाटलीणबाईंना अगं म्हटलं. “अगं, ती बाळंतीण दोन दिस धूर करून खोटं बोलतीया. तुला एक खोटं जड व्हतंय व्हय?”

 आवडाबाईनं टोपली पुन्हा डोक्यावर घेतली आणि तीच वाट धरली. आता दगड आणखी तापले होते. मधल्या चढावर ती दोनदा खाली बसली, असं म्हणतात. पाय सोलून निघाले होते, घशाला कोरड पडली होती, आणि सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं. सुंदराच्या दारापाशी पोचली तेव्हा तवा, खोटं, काय बोलायचं ते सगळं तिच्या डोक्यातून गेलं होतं. ती उंबऱ्याबाहेर धपकन बसली, भिंतीला डोकं टेकलं आणि म्हणाली, “बाई गं, दोन हेलपाट्यांनी मेले मी. भूक लागलीय. मला भाकरी करून घाल.”

दार उघडलं. सुंदरानं तिच्या पायांकडं बघितलं. मग बाजूला झाली आणि म्हणाली, “या. टेका.”

पाटलीणबाईंनी पीठ मळलं, कारण सुंदराच्या हातात तेवढा जोर नव्हता. भाकरी सुंदरानं थापली. आधी पाहुणीला वाढली, मग आपण घेतली. आवडाबाई त्या घरचं पाणीही प्यायली, तांब्याभर.

इकडं पारावर अख्खं गाव ओढ्यापलीकडं टक लावून उभं होतं. ज्यांना म्हणे काही दिसत नव्हतं, त्यांनाही त्या दिवशी दिसलं. दाट धूर पातळ झाला. सरळ वर चढला. मग क्षणभर मोडला. “एक,” अनसा म्हणाली. पुन्हा मोडला. “दोन.” तिसरा मोड आला तो गावानंच मोजला. अनसाचे डोळे मिटले होते.

असं म्हणतात, की त्याच क्षणी पारावर उजेड पडला आणि अनसाई त्यात विरून गेली, मागं नुसतं ओलं गाठोडं राहिलं. मला नाही वाटत. माझी आजी सांगायची, की ती झोपली. तीन वर्षांत पहिल्यांदा आडवी होऊन झोपली. बायकांनी तिच्याच गाठोड्यातलं धोतर काढून वर सावली धरली. ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठली. त्यानंतर अकरा वर्षं जगली, कपडे धूत. पण धुराकडं पुन्हा म्हणून बघितलं नाही. कुणी धावत येऊन सांगायचं, “अनसाआजी, त्या घरचा धूर खोटा दिसतोय.” ती कपडा आपटत म्हणायची, “मग जा की.” आणि लोक जायचे. कुरकुरत जायचे, पण जायचे. ती गेली तेव्हा मयताला दोन्ही तीरांची माणसं होती, तो चुलत दीरसुद्धा.

तिचं देऊळ आम्ही बांधलं नाही. तिनं बजावूनच ठेवलं होतं. पण वैशाखातल्या अवसेला खडकळ्यात कुणीही स्वतःसाठी चूल पेटवत नाही. चिठ्ठ्या टाकायच्या आणि नाव निघेल त्या घरी, ओढ्याच्या दुसऱ्या तीरावर, घरटी एकानं पीठ घेऊन पायी जायचं. गरीब असो की बागाईतदार, सगळ्यांनी. सगळेच जातात, म्हणून कुणाला खरी गरज आहे ते कळत नाही. पहिल्या खेपेला घरच्यांनी म्हणायचं, “आमच्यात आहे,” आणि दार लावायचं. मग माघारी येऊन पारावर बसायचं, ही गोष्ट ऐकायची, आणि पुन्हा जायचं. दोन हेलपाटे झाल्याशिवाय माणूस खरा दमत नाही, आणि दमल्याशिवाय त्याला नीट मागता येत नाही. हल्लीची पोरं मोटारसायकलवर जाऊ बघतात, त्यांना आम्ही ओढ्यावरून परत पाठवतो. आता घरोघर गॅस आला, धूर कुठं दिसत नाही. म्हणून तर जास्तच जायला हवं.

एक सांगतो आणि पुरे करतो. मागच्या साली माझ्या दारात वस्तीतली एक सून आली. दुसरा हेलपाटा होता, घामाघूम झालेली. म्हणाली, “आजोबा, दमले. भूक लागलीय. भाकरी घालता का?” माझ्या घरी तेव्हा पाच दिवस पीठ नव्हतं. मुलाला फोनवर मी रोज सांगत होतो, की जेवलो, झकास आहे. तिला ते ठाऊक होतं की नव्हतं, तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायचं नसतं. भाकरी मी केली, वाकडीतिकडी झाली. तिनं अर्धी खाल्ली आणि म्हणाली, “एकटीला जात नाही, आजोबा. तुम्ही पण बसा ना.”

चला, उठा. पिठाच्या पिशव्या घ्या. आता दुसरा हेलपाटा.